लांब गाण्यांची बाजू

'प्रोग्रेसिव्ह रॉक' या संज्ञेचे मराठीकरण आमच्या स्टाफरूममध्ये एकदा 'पुरोगामी खडक' असे झाले होते. विनोद वाईट नव्हता. त्यामागचे गृहीतक मात्र मला मान्य नाही. हे संगीत परके आहे, ते ऐकणे ही दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी माध्यमवाल्यांची चैन आहे, आणि उल्हासनगरात मराठी साहित्य शिकवणाऱ्या बाईने त्यावर मते बाळगणे हा जरासा आगाऊपणाच आहे, असे ते गृहीतक. गेली पंचवीसेक वर्षे मी हे संगीत ऐकत आले आहे, त्यामुळे आगाऊपणाचा आरोप पत्करून लिहिते. १९७०च्या आसपास इंग्लंडातल्या काही बँड्सनी जे केले ते समजून घेण्याची मराठी श्रोत्याची तयारी आधीपासूनच होती. त्यांच्याकडून जे घ्यायला हवे होते ते मात्र आपण फारसे घेतले नाही, असे माझे मत आहे.

मुळात हा प्रश्न लांबीचा आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. आपल्या भावगीताचा आकार कवींनी आणि संगीतकारांनी जितका ठरवला, तितकाच तो या तबकडीनेही ठरवला. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत अर्धा तास रंगणारे नाट्यपद ध्वनिमुद्रिकेत तीन मिनिटांचे झाले, आणि पुढच्या पिढ्यांना ते तेवढेच ठाऊक राहिले. पुढे एलपी आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. लोकप्रिय संगीताने बहुतेक ठिकाणी त्या जागेत चार-पाच छोटी गाणी भरली. इंग्लंडमधल्या काही तरुणांना मात्र प्रश्न पडला की ही सबंध बाजू एकाच गाण्याला का देऊ नये?

१९७२ हे या प्रश्नाच्या उत्तराचे वर्ष. जेथ्रो टलचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच गाणे. येसचे 'क्लोज टू द एज' अठरा मिनिटांहून अधिक. जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट'मधले 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांच्या घरात. पिंक फ्लॉइडचे 'एकोज' आदल्याच वर्षी येऊन गेले होते.

यांतले 'सपर्स रेडी' माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ. त्याचे सात भाग आहेत. सुरुवातीला घरातल्या खोलीत बसलेले एक जोडपे, मग युद्ध, मग निव्वळ शब्दखेळांचा एक वात्रट भाग, मग नऊ मात्रांच्या आवर्तनातला जगबुडीचा प्रसंग, आणि शेवटी बायबलातल्या नव्या जेरुसलेमचे आगमन. पाश्चात्त्य समीक्षकांना यातला वात्रटपणा आणि गांभीर्य यांचा शेजार खटकत आला आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग ही क्रमवारी ज्याने पाहिली आहे त्याला तो का खटकावा? देवाला नमन करून कृष्णाची छेड काढायची, मग मावशीचे पाचकळ विनोद करायचे आणि त्याच रात्री राजाच्या दुःखाने प्रेक्षकाला रडवायचे, हे आपल्याकडे चालतच आले आहे. सूर बदलला म्हणजे रचना तुटली, असे तमाशाच्या प्रेक्षकाला वाटत नाही.

लयीचेही तसेच. वृत्तांवरच्या एका तासाला मी पिंक फ्लॉइडचे 'मनी' वर्गात ऐकवते. पाश्चात्त्य रॉकमध्ये चारचे आवर्तन इतके सवयीचे आहे की या गाण्याच्या सातच्या ठेक्याची चर्चा १९७३पासून थांबलेली नाही. वांगणीहून येणारा, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा एक विद्यार्थी बाकावर बोटे आपटत म्हणाला, "मॅडम, हे रूपकासारखं आहे." रूपकाची विभागणी वेगळी, पण मोजणी सातच. गिटारच्या एकलवादनात ते चारवर गेले तेही त्याने लगेच ओळखले. त्याला इंग्रजी शब्द निम्मेही कळले नव्हते. ज्यांना कळले होते, त्यांपैकी कोणाच्याही हे लक्षात आले नाही.

बदलापूर आणि अंबरनाथहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये भजनी मंडळे असतात, हे या बाजूच्या वाचकांना सांगायला नको. महिलांच्या डब्यात जाळीपलीकडून ते ऐकू येते. एका अभंगातून दुसऱ्यात शिरणे, चाल बदलणे, लय चढवत नेणे, मध्येच एखाद्या ओळीवर रेंगाळणे आणि स्टेशन जवळ आले की सगळे आटोपते घेणे. तासाभराची ती सलग रचनाच असते. तिला कोणी 'कॉन्सेप्ट अल्बम' म्हणत नाही, एवढेच.

आता मुद्द्याचे. हे ब्रिटिश बँड्स लांब गाणी करत होते म्हणून थोर, असे मी म्हणत नाही. साठच्या दशकातले ब्रिटिश रॉक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर पोसले होते. प्रोग्रेसिव्ह म्हणवणाऱ्यांनी ती उसनवारी कमी करून आपल्या घरचा माळा धुंडाळला. जेनेसिसच्या मुलांनी शाळेतल्या प्रार्थनागीतांमधला ऑर्गन आणला, जेथ्रो टलने इंग्लिश लोकसंगीताशी नाते जोडले, 'क्लोज टू द एज'च्या मध्यावर चर्चचा खराखुरा ऑर्गन घुमतो. किंग क्रिमसनच्या १९६९च्या पहिल्या एलपीवर पीटर सिनफील्ड हा केवळ शब्द लिहिणारा माणूस बँडचा सभासद होता. त्यावर एकही वाद्य न वाजवणारा कवी! (हे वाचून आमच्या विभागातल्या दोन कवींच्या आशा पल्लवित होतील.) नेमाड्यांच्या देशीवादावर आपल्याकडे इतकी वर्षे घमासान चालू आहे. त्या चर्चेत रॉकचा हा दाखला कोणी दिल्याचे मी वाचलेले नाही. पण उसन्या रूपाला स्वतःच्या परंपरेत रुजवणे याचे याहून बोलके उदाहरण मला तरी सुचत नाही.

आणि आपल्याला तर हे नवे नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'शाकुंतल' उभे केले तेव्हा पारशी नाटकाची प्रेरणा, कर्नाटकी चाली, साकी-दिंडीसारखे घरचे छंद आणि कालिदास हे सगळे एका मांडवाखाली आणले होते.

म्हणूनच १९७२च्या यादीत मला आणखी एक नाव घालायचे आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांच्या संहितेइतकीच चर्चा भास्कर चंदावरकरांच्या संगीताची व्हायला हवी. कीर्तन, लावणी, खेळे हे सगळे ते एका धारेत आणतात, आणि भक्तीच्या चालीवर क्रौर्य चढवून श्रोत्याला अस्वस्थ करतात. ना त्यांनी जेनेसिस ऐकून हे केले, ना जेनेसिसला पुण्याचा पत्ता होता. पण रीत तीच.

हे दोन रूळ एकदा प्रत्यक्ष जुळलेही होते. नंदू भेंडे हे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव, म्हणजे घर मराठी रंगभूमीचे. गायचे मात्र इंग्रजी रॉक. 'वेल्वेट फॉग' या बँडचे ते गायक होते. अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये १९७४ साली त्यांनी जूडास रंगवला. १९७८मध्ये पुलंनी ब्रेख्तचा 'थ्रीपेनी ऑपेरा' मराठीत 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून आणला, जब्बार पटेलांनी तो बसवला आणि अंकुशच्या भूमिकेत हे रॉक गायक उभे राहिले. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एकाच नाटकात, आणि कोणतेही दुसऱ्याची टिंगल करण्यापुरते नाही. भेंडे २०१४मध्ये गेले तेव्हा त्यांची आठवण अनेकांनी 'डिस्को डान्सर'मधल्या गाण्यावरून काढली. मला ते अन्यायाचे वाटले.

या जुळणीतून मराठी रॉकची परंपरा का उभी राहिली नाही? माझे उत्तर थोडे कडू आहे. मुंबईतल्या रॉकने बहुतांश काळ फळाची नक्कल केली, मशागतीची केली नाही. सत्तरच्या सुरुवातीच्या सिमला बीट स्पर्धांपासून १९८६मध्ये रंगभवनात सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'पर्यंत गुणी वादकांची वाण नव्हती. पण भाषा इंग्रजी, उच्चार शक्य तितके अमेरिकी, आणि जागा धोबी तलावची. बदलापूरच्या मुलाने तिथे जायचे म्हणजे शेवटची लोकल डोक्यात ठेवून अर्ध्या कार्यक्रमातून उठायचे. दुसऱ्या बाजूला आपल्या अभिजनांनी गिटारला 'पाश्चात्त्य थेर' ठरवून टाकले होते. ज्या हार्मोनियमवर आपले अख्खे नाट्यसंगीत उभे राहिले ती कुठून आली, हे विसरून! या दोन अहंकारांच्या मध्ये तो पखवाज वाजवणारा मुलगा कोणाच्याच हिशेबात नव्हता.

लांब गाण्यांची बाजू घेताना त्यांचे पाप झाकायचे नाही. येसचा १९७३चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा चार बाजूंवर चार गाण्यांचा अल्बम परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून सुचला. तळटीप! संशोधनपद्धतीच्या तासाला सांगण्याजोगे उदाहरण आहे. मूळ ग्रंथांशी गाठ न पडता तळटीपेतून ऐंशी मिनिटे काढली की जे होते ते तिथे झाले आहे. काही जागा सुंदर आहेत, बाकी पाल्हाळ. त्यांचाच कीबोर्डवादक रिक वेकमन कंटाळून एका प्रयोगात मंचावर करी खात बसला होता. पुढे १९७६-७७मध्ये पंकवाल्यांनी या सगळ्या अवडंबरावर हल्ला चढवला, तो निष्कारण नव्हता. पण 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' ही तर मुळात अशाच अवडंबराची थट्टा होती. आठ वर्षांच्या एका काल्पनिक बालकवीची म्हणून सांगितलेली कविता आणि वेष्टनाऐवजी बारा पानी खोटे वृत्तपत्र. पंकच्या चार वर्षे आधी या मंडळींनी स्वतःला हसून घेतले होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

अलीकडे 'अभंग रिपोस्ट'सारखा मुंबईचा बँड गिटार-ड्रम्सवर अभंग गातो आणि त्याला तरुण गर्दी करतात. मला तो आवडतो, पण त्यांनी अजून धीर धरावा असे वाटते. चार-पाच मिनिटांत एक अभंग संपवण्याची घाई कशाला? सबंध वारी, सबंध गोंधळ, निदान एखादे आख्यान त्यांनी हाती घ्यावे. श्रोते उठून जातील ही भीती तबकडीच्या काळातली आहे.

ज्यांना हे संगीत नव्याने ऐकायचे आहे त्यांनी 'एकोज'पासून आरंभ करावा. इंग्रजीची धास्ती असेल तर बरेच उत्तम, शब्द तिथे थोडेच आहेत. नंतर 'सपर्स रेडी', तेही शब्द समोर ठेवून आणि किमान दोनदा. 'टेल्स'च्या वाटेला मात्र निवृत्तीनंतरच जावे.