मापात पाप

सेकंडहँड लॅपटॉपची कुठलीही जाहिरात उघडा. प्रोसेसर कितव्या पिढीचा, रॅम किती, एसएसडी किती, पडद्यावर ओरखडा आहे की नाही, हे सगळं नीट लिहिलेलं असतं. बॅटरीची वेळ आली की मात्र आकडे संपतात आणि विशेषणं सुरू होतात. 'गुड कंडिशन', 'बॅकअप ओके', 'दोन तास आरामात'. खरं तर बॅटरीचा आकडा लॅपटॉपच्या आतच साठवलेला असतो. तो बघायला दोन मिनिटं लागतात आणि विकणाऱ्याला तो बघता येतो. तरीही तो सांगितला जात नाही. याला आपल्याकडे जुनं नाव आहे : मापात पाप.

बैलबाजारात बैल घेणारा आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, यावर भाव ठरतो. जुनी मोटरसायकल घेताना किलोमीटर बघतात, टायर बघतात. लॅपटॉप घेताना आपण काय बघतो? झाकण चकचकीत आहे का ते. रीफर्बिश्ड मालाची 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' ही प्रतवारीसुद्धा बहुतेक वेळा अंगावरच्या ओरखड्यांची असते. बैलाला रंग देऊन, शिंगांना हिंगूळ लावून उभा केला, एवढाच त्याचा अर्थ.

आता आकड्याकडे येऊ. लॅपटॉपच्या बॅटरीत सेलसोबत एक छोटी चिप असते. किती ऊर्जा आत गेली, किती बाहेर आली याचा हिशोब ती ठेवते. त्या हिशोबात आपल्या कामाच्या गोष्टी तीन : बॅटरी नवी असताना तिची क्षमता किती होती, आज पूर्ण चार्ज केल्यावर किती भरते, आणि आजवर किती चार्ज-सायकल झाल्या. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक स्पेस, तिरपी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की एक फाइल तयार होते. ती ब्राउझरमध्ये उघडली की 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे एकाखाली एक दिसतात. मॅकवर बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये 'मॅक्झिमम कपॅसिटी' दिसते, लिनक्सवर 'यूपॉवर' ही कमांड आहे. वेगळं अ‍ॅप लागत नाही, पैसे लागत नाहीत.

समजा नवी बॅटरी ४५ वॉट-अवर्सची होती आणि आज २६ भरते. म्हणजे ५८ टक्के उरली. व्हिडिओ कॉल चालू असताना लॅपटॉप साधारण १६ वॉट खात असेल, तर नवी बॅटरी पावणेतीन तास चालली असती, ही साधारण दीड तासानंतर मान टाकणार. पण टास्कबारवरचं चित्र? ते चार्ज झाल्यावर १०० टक्केच दाखवतं, कारण ते आज उरलेल्या क्षमतेचे १०० टक्के असतात. तळाशी जाड लेप दिलेली पायलीसुद्धा वरून काठोकाठ भरलेलीच दिसते. दुकानदार '१०० टक्के चार्ज आहे बघा' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, आणि आपल्याला काही कळलेलंही नसतं.

झिजलेली बॅटरी विकणं हे पाप नाही. लिथियम-आयन बॅटरी झिजणारच. ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पातळ थर बसत जातो आणि तो तयार होताना थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. जेवढं लिथियम अडकलं तेवढी क्षमता गेली. उष्णता असेल आणि बॅटरी सतत पूर्ण भरलेली ठेवली असेल, तर हे काम झपाट्याने होतं. इथेच सेकंडहँड बाजारातली मोठी गोम आहे. या बाजारात येणारे बरेच लॅपटॉप कंपन्यांच्या ऑफिसांतून लॉटने येतात. तिथे ते तीन-चार वर्षं टेबलावर, चार्जर लावलेल्या अवस्थेत, गरम होत पडलेले असतात. बॅटरी फारशी वापरलीच जात नाही, म्हणून सायकलचा आकडा लहान दिसतो. विकणारा तोच पुढे करतो : 'फक्त नव्वद सायकल, जवळपास नवीनच!' पण बॅटरी वापरून झिजते तशी नुसती भरून ठेवल्यानेही झिजते. नव्वद सायकलची बॅटरी साठ टक्क्यांवर आलेली असू शकते. म्हणून सायकलचा आकडा एकटा ऐकून घेऊ नका, शेजारी क्षमतेचे दोन्ही आकडे मागा.

आणि म्हणूनच लॅपटॉप घेतल्यावर जे उपदेश सुरू होतात, त्यांचा मला खरा राग येतो. 'रात्रभर चार्जिंगला ठेवला असशील.' 'महिन्यातून एकदा पूर्ण उतरव, मग परत येते बॅटरी.' 'फ्रीजमध्ये ठेवून बघ.' पूर्ण उतरवून पुन्हा भरल्याने चिपचा चुकलेला हिशोब दुरुस्त होतो. ३० टक्क्यांवरून थेट बंद पडणारा लॅपटॉप कधीकधी त्यानंतर खरा आकडा दाखवू लागतो. पण अडकलेलं लिथियम त्याने सुटत नाही. तो दुरुस्त आकडा पहिल्यापेक्षा लहानही असू शकतो. पूर्ण उतरवून चार्ज करण्याची शिस्त निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे, लिथियमला ती उलट त्रासदायकच. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते आणि ती जरूर वापरावी. त्याने पुढची झीज मंदावते, झालेली भरून निघत नाही. ती झीज आधीच्या मालकाकडे झाली, विकणाऱ्याने लपवली, आणि दोष मात्र महिनाभरापूर्वी लॅपटॉप घेतलेल्या मुलीच्या माथी.

यावर दुकानातून येणारी उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं : 'चार्जर लावूनच वापरायचा ना, मग बॅटरी कशाला बघता?' सेकंडहँड लॅपटॉप घेतं कोण? ज्याला नवा परवडत नाही तो. तो हॉस्टेलच्या खोलीत चौघांत एक प्लग वाटून घेतो, नाहीतर तालुक्याच्या गावी राहतो, जिथे वळवाचा पाऊस आला की लाइट जाते. दोन तासांची ऑनलाइन परीक्षा चालू असताना लाइट गेली, तर त्याच्या हातात बॅटरीच असते. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याला हे वॉट-अवर्स कधीच मोजावे लागत नाहीत. चार्जर लावूनच वापरायचा असता तर त्याने तेवढ्याच पैशांत बरा डेस्कटॉप घेतला असता. लॅपटॉप घेतला तो बॅटरीसाठी, आणि नेमकी तीच वस्तू न मोजता हातात ठेवली.

दुसरं उत्तर : 'बॅटरी कन्झ्युमेबल आहे, तिला वॉरंटी नसते.' नसू दे. टायरही झिजणारी वस्तू आहे, म्हणून गुळगुळीत टायर झाकून कोणी गाडी विकली तर आपण त्याला हुशार म्हणत नाही. वॉरंटी द्या असं मी म्हणत नाहीये, किती झिजली ते सांगा म्हणतोय.

तिसरं उत्तर जरा दमदार आहे : 'रिपोर्टही खोटा असू शकतो.' खरं आहे. स्वस्तातल्या 'कंपॅटिबल' बॅटरीच्या चिपमध्ये लिहिलेला आकडा आणि आतले सेल यांचा मेळ असेलच असं नाही. सहा वर्षांच्या लॅपटॉपवर तीन सायकल आणि शंभर टक्के क्षमता दिसली तर खूश होण्याआधी विचारा, ही बॅटरी कधी बदलली, कुठली टाकली? पण त्यावरही उपाय आहे, घड्याळ. चार्जर काढा, पडदा मध्यम उजेडावर ठेवा, व्हिडिओ लावा आणि अर्धा तास दुकानातच बसा. अर्ध्या तासात २५ टक्के उतरली तर पूर्ण बॅटरी दोन तासांची. टक्के मधेच दहा-पंधराने कोसळले तर सेल कमजोर आहे, नाहीतर चिपचा हिशोब चुकलाय. क्षमता चांगली असूनही भराभर उतरत असेल तर मागे काहीतरी वीज खातंय, ते टास्क मॅनेजरमध्ये सापडेल. आणि टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगलेला जाणवला, तर तो लॅपटॉप घेऊ नका आणि ती बॅटरी दाबून बघू नका. फुगलेल्या लिथियम बॅटरीला आग लागू शकते. मोजमापात फसवणूक होऊ शकते म्हणून मोजणंच सोडून द्या, असं आपण रॉकेलच्या आणि दुधाच्या बाबतीत कधी म्हटलं नाही.

बदलून टाकावी म्हटलं, तर तेही आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. २०१८ सालच्या थिंकपॅड टी४८० मध्ये आत एक बॅटरी आणि मागे हाताने काढता येणारी दुसरी अशी सोय होती. लॅपटॉप चालू असताना मागची काढून नवी लावता यायची. जुन्या बाजारात त्या मॉडेलला अजून मागणी आहे त्याचं हेही एक कारण. पुढच्याच वर्षीच्या टी४९० मधून ती बाहेरची बॅटरी गेली. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये तर बॅटरी सरळ गोंदाने चिकटवलेली असते. पातळपणाचा फायदा पहिल्या मालकाला मिळाला, बिल दुसऱ्याच्या नावावर फाटलं. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीच्या कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. फ्रान्समध्ये २०२१ पासून नव्या लॅपटॉपवर तो किती दुरुस्त होऊ शकतो याचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही काढलं. पोर्टल उघडून गोंद सुटत नाही.

पण विक्रीच्या वेळी आकडा सांगण्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा आणि प्रमाण यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. किलोला आठशे ग्रॅम साखर दिली तर ती फसवणूक, आणि ४५ च्या जागी २६ वॉट-अवर्स मुकाट्याने दिले तर तो 'धंदा'?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो. जुन्या वस्तू विकणाऱ्या साइटच्या फॉर्ममध्ये 'मूळ क्षमता', 'आजची क्षमता' आणि 'सायकल' असे तीन रकाने वाढवणं, ते भरल्याशिवाय जाहिरात पुढे जाऊ न देणं आणि सोबत रिपोर्टचा फोटो मागणं, हे फार मोठं काम नाही. लॅपटॉपच्या रंगासाठी रकाना करायला ज्यांना वेळ मिळतो, त्यांना यासाठीही मिळू शकतो. ते होत नाही, कारण आकडा दिसला की भाव पडेल. आणि पडायलाच हवा. साठ टक्के बॅटरीच्या लॅपटॉपच्या किमतीतून नव्या बॅटरीचा खर्च वजा झाला पाहिजे, एवढा साधा हिशोब आहे.

तोवर तो हिशोब आपण मागायचा. लॅमिंग्टन रोडला जा, नेहरू प्लेसला जा, नाहीतर गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात. 'बॅकअप किती देतो?' असं विचारू नका, त्याला कुठलंही उत्तर चालतं. 'रिपोर्ट काढून दाखवा' म्हणा. दाखवला तर त्यावर घासाघीस करा. टाळाटाळ केली तर पैसे खिशात ठेवून पुढच्या दुकानाची पायरी चढा, आणि आपला का उठलो ते त्याला सांगून उठा.