वाण जुळविताना

आमच्या इंदूरच्या घराच्या अंगणात जी मोतिया रंगाची मोटार उभी आहे, तिला घरात सारे फियाट म्हणतात. खरे पाहता ती फियाट नव्हे. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीस १९७४ सालीच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले होते आणि आमची गाडी १९८४ सालची. परंतु आमचे तीर्थरूप तिला अखेरपर्यंत फियाटच म्हणत आले, आणि घराने तेच नाव चालविले. तिचे उत्पादन थांबून आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. सुटे भाग शोधावे लागतात, पण चिकाटी धरली तर मिळतात. रंग मात्र तसा मिळत नाही, हे आम्हांस गेल्या वर्षी उमगले.

झाले असे की, फाटकाशी वळताना एका रिक्षाने डाव्या बाजूचे पुढचे मडगार्ड चेपले. गॅरेजात पत्रा ठोकून सरळ केला, लांबी भरली, घासली. येथवर सारे यथास्थित पार पडले. मग "पांढरा तर आहे" असे म्हणून तयार डब्यातला रंग मारला गेला आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात गाडी आमच्या स्वाधीन झाली. त्या उजेडात रंग बेमालूम वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात पाहतो तो मडगार्ड निळसर पांढरे आणि त्याला लागून असलेले दार पिवळसर! ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही तरी गुण लागतो म्हणतात. येथे वाणाचाच प्रश्न होता, आणि तो काही केल्या लागेना.

गॅरेजवाल्यांचा सल्ला असा की, सगळी गाडीच नव्याने रंगवून घ्यावी, म्हणजे वाद मिटला. सल्ला व्यवहाराला धरून होता. परंतु दर दसऱ्याला आमच्या मातुःश्री या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. पहिले स्वस्तिक गाडी घरी आली त्या वर्षी, तीर्थरूप शेजारी उभे असताना काढलेले. पुढे इतक्या वर्षांचे कुंकू त्या जागी मुरले आणि तिरप्या उन्हात आजही तेथे फिकट गुलाबी रेघा दिसतात. आई एवढेच म्हणाली, "मडगार्ड विजोड राहिलं तरी चालेल, पण बॉनेटला हात लावू देऊ नका." तेव्हा एकच वाट उरली. नवा रंग जुन्याशी जुळवायचा.

शोध घेता घेता एक वृद्ध रंगमिस्त्री भेटले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि आपल्या इंदुरी बोलीत म्हणाले, "भिया, गाडी का आज का रंग मिलाना है, जनम का नहीं." सारी विद्या या एका वाक्यात आहे, हे आम्हांस पुढल्या चार दिवसांत कळले.

मोटारीचा रंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि ती धरून ठेवणारे एक पारदर्शक बंधक द्रव्य. उन्हातील अतिनील किरणांनी वरच्या थरातील बंधक द्रव्य झिजते आणि पूड मोकळी होते. जुन्या गाडीवरून बोट फिरवले की बोटाला खडूसारखी भुकटी लागते, ती हीच. शिवाय पांढऱ्यात छटेसाठी मिसळलेले पिवळे, काळे, तांबूस रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. टप आणि बॉनेट यांना ऊन अधिक लागते, दारांना कमी, आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जवळजवळ नाहीच. म्हणून एकाच गाडीवर तीन-चार निरनिराळे मोतिया रंग नांदत असतात. कारखान्याचा रंगक्रमांक हाती असला, तरी तो फार तर डिकीच्या आतल्या रंगाशी जुळेल, दाराशी नव्हे.

मिस्त्रींनी म्हणून आधी दार पाण्याने धुतले आणि रबिंग कंपाउंडने घासून भुकटीचा थर काढला. खाली दडलेला रंग वर आला तेव्हा तो आम्ही समजत होतो त्याहून बराच गडद निघाला. जुळवणी करायची ती या स्वच्छ रंगाशी. मळलेल्या पृष्ठभागाशी जुळविलेला रंग पहिल्या पॉलिशलाच उघडा पडतो.

मग मिश्रण. पुष्कळांस वाटते की पांढरा रंग सर्वांत सोपा. वस्तुतः फिकट रंगांतच डोळा सर्वांत चिकित्सक असतो. लाल-निळ्यात सहज खपणारा फरक पांढऱ्यात ताबडतोब खुपतो. मिस्त्री शुभ्र रंगात पिवळ्या मातीच्या छटेचा आणि काळ्याचा एकेक थेंब घालीत गेले. फिकट रंग थेंबाने गडद करता येतो. गडद झालेला फिकट करायचा तर डबेच्या डबे रिते होतात. दर मिश्रणाचा नमुना त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर उडविला, आणि तोही ब्रशने नव्हे, गननेच; खाली अस्तरही मडगार्डावर होते तेच. हाताने फासलेला आणि गनने उडविलेला एकच रंग निराळा दिसतो, ओला आणि सुकलाही निराळा दिसतो. म्हणून निर्णय रात्रभर सुकल्यानंतर.

तो निर्णय घ्यायचा कोणत्या उजेडात? पहिल्या गॅरेजात नेमके येथेच चुकले होते. निरनिराळ्या रंगद्रव्यांची दोन मिश्रणे एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात. साडीवर ब्लाउजपीस जुळविताना आपल्या घरच्या स्त्रिया कापड दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन पाहतात, ते याच कारणाने. मिस्त्रींनी तुकडा दाराशी धरून सकाळी सावलीत, दुपारी उन्हात, समोरून व बाजूने असा पारखला. तिसरा नमुना पसंत पडला. मोठ्या दुकानांतून आता रंग मोजणारे यंत्रही असते. ते परावर्तित प्रकाश मोजून जवळचे मिश्रण सुचविते. मिस्त्रींना त्याचे वावडे नव्हते. यंत्र वेशीपर्यंत आणून सोडते, पुढे घर आपण शोधायचे, असे त्यांचे मत.

इतके करूनही त्यांनी मडगार्डाच्या कडेशी रंग तोडला नाही. मडगार्ड आणि दार एकाच सपाटीत असल्याने तेथे तिळभर फरकही डोळ्यांत भरतो. म्हणून नवा रंग दाराच्या पुढल्या भागावर विरळ विरळ करीत नेला आणि मग सारे दार एकसारखे पॉलिश केले. बॉनेटची सपाटी वेगळी, मध्ये फटही आहे. तेथे उजेडच निराळा पडत असल्यामुळे थोडा फरक लपून जातो. आईच्या स्वस्तिकाला धक्का लागण्याचे कारणच उरले नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या दारी अशी जुनी गाडी असेल, त्यांस दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. रंग लागेल त्याहून थोडा अधिक आणि एकाच वेळी करून घ्यावा. दुसऱ्यांदा केलेला रंग पहिल्याशी जुळत नाही. उरलेला रंग हार्डनर न मिसळता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि त्यावर तारीख लिहावी. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा न घासता पाणी लावून वॉटर पेपरने घासावा, आणि मुलांना दूर ठेवावे. हार्डनर मिसळलेल्या आजच्या रंगाची फवारणी अंगणात, तोंडाला रुमाल बांधून करण्याचे धाडस कोणी करू नये. त्याचे तुषार फुप्फुसांना अपायकारक असतात. ते काम योग्य मुखवटा वापरणाऱ्या जाणत्याचे आहे.

दसऱ्याला आईने नेहमीप्रमाणे गाडीची पूजा केली. स्वस्तिक जुन्याच रेघांवरून काढले, झेंडूची माळ घातली, मग मडगार्डाशी येऊन चष्मा सावरून बराच वेळ पाहिले. आम्ही उत्सुकतेने उभे होतो. "तुमच्या मिस्त्रीचा हात चांगला आहे," ती म्हणाली, "पण जरासं कोवळं दिसतं अजून."

आम्ही मिस्त्रींना हे कळविले. ते हसले आणि म्हणाले की, मातुःश्रींची नजर पक्की आहे. नवा रंग जुन्यापेक्षा टिकाऊ असल्याने तो उन्हात सावकाश उतरेल, जुना आपल्या चालीने उतरत राहील. पाच-सहा वर्षांनी पुन्हा एकदा जुळवून पाहावे लागेल. डबा जपून ठेवा. तो आम्ही माळ्यावर, तीर्थरूपांच्या हत्यारांच्या पेटीशेजारी ठेवला आहे.