ड्रमचे फेरे कोण मोजणार?

सोयाबीनच्या दाण्याचे आवरण फार पातळ असते आणि कोंब त्याच्या अगदी लगत असतो. म्हणूनच दाण्यातली ओल तेरा-चौदा टक्के असताना मळणीयंत्राचा ड्रम मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांच्या आत फिरवावा, अशी शिफारस आहे. वेग त्यापुढे गेला की दाण्याला सहज न दिसणारी चीर जाते. तेल काढणाऱ्याला त्या चिरेचे काही वाटत नाही. पण तोच माल पुढच्या जूनमध्ये घरचे बियाणे म्हणून पेरला की वावरात तासच्या तास रिकामे राहतात आणि कास्तकार दुबार पेरणीसाठी उसनवारीला निघतो.

वाशीमहून पुसदकडे जाताना लागणारे अनसिंग हे सोयाबीनच्या पट्ट्यातले बाजाराचे गाव. रोजच्या बाजारभावाच्या यादीत ‘वाशीम-अनसिंग’ अशी वेगळी ओळ असते. या गावाला बी न उगवण्याचे दुःख नव्याने सांगायला नको. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातून सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षीच्या काढणीत परतीचा पाऊस सापडला होता, बियाणे तिथेच बिघडले होते. पाऊस कोणाच्या हातात नाही. ड्रमचा वेग मात्र हातात असतो, आणि तो मोजणारा माणूस आपल्या गावात नाही.

बारावीचे निकाल लागले की या भागातले आईबाप विचारतात, “कृषी अभियांत्रिकीला पाठवावे का? पोराला नोकरी लागते का?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराआधी मला थ्रेशरजवळच थोडे थांबायचे आहे, कारण या शिक्षणाचे काम काय ते तिथे जसे दिसते तसे माहितीपुस्तकात दिसत नाही.

ऑक्टोबरात सोंगणी झाली, गंजी लागली, आणि आभाळ भरून आले. थ्रेशरवाल्याला पोत्यामागे पैसे मिळतात आणि त्याच्यामागे आणखी दहा घरचे निरोप असतात. तो यंत्र जोरात चालवणारच. त्याला दोष देता येत नाही आणि मालकालाही घाईच असते. आता हिशेब पाहा. ट्रॅक्टरच्या पीटीओला मिनिटाला ५४० फेरे मिळतात. ते तसेच ड्रमला दिले तर बियाण्याच्या मालाची वाट लागते. ड्रमवरची पुली पीटीओकडच्या पुलीच्या दीडपट केली तर फेरे ३६० वर येतात. पण पुष्कळ यंत्रांत पंखाही त्याच शाफ्टवर असतो. ड्रम मंदावला की वारा मंदावतो, कुटार दाण्यात येते, आणि थ्रेशरवाला वैतागून जुनी पुली परत चढवतो. म्हणजे पंख्याला वेगळी पुली हवी, चाळणीचा उतार बदलायला हवा, आणि बियाण्यासाठी राखलेले दोन-चार कट्टे आधी, सावकाश मळून बाजूला काढायला हवेत. हे दुपारभराचे काम आहे. त्याला गणित लागते, पाना लागतो आणि मालकाशी बोलण्याची धाटणी लागते. गावातला मेकॅनिक हुशार असतो, बिघडलेले यंत्र तो उभे करतो. पण धडधाकट चालणारे यंत्र दाण्याला इजा करते आहे, हे ओळखायला पीक आणि यंत्र दोन्ही शिकलेला माणूस लागतो. तोच कृषी अभियंता.

फवारणीचे उदाहरण याहून जिव्हारी लागणारे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. औषधांवर चर्चा झाली, विक्रेत्यांवर झाली, हातमोजे-मास्क न घालण्यावर तर फारच झाली. पुरुषभर वाढलेल्या कपाशीत, दमट उन्हात, जास्त दाबाचा पंप तोंडाच्या उंचीवर धुक्यासारखे बारीक थेंब उडवतो, तेव्हा त्या थेंबाचा आकार ठरवणारे नोझल हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. मजुराने दिवसभर घालता येईल असा संरक्षक पोशाख आपण त्याला दिला नाही आणि मग तो घालत नाही म्हणून त्यालाच बोललो. याची मला चीड येते. नोझल कोणते, दाब किती, वाऱ्याची दिशा कोणती, चालण्याचा वेग काय, हा सगळा कृषी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम आहे. तो वर्गात शिकवला जातो. अनसिंगच्या कपाशीपर्यंत तो कोणी आणत नाही.

बाकीची कामे तर मोजावी तितकी आहेत. आपली काळी जमीन चार दिवसांच्या झडीत चिबडते आणि पंधरा दिवसांच्या उघाडीत भेगाळते. पाणी निघून जावे आणि ओलही टिकावी म्हणून रुंद वरंबा सरीची, म्हणजेच बीबीएफची, पद्धत आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने सत्तरच्या दशकात काळ्या जमिनीसाठी तिच्यावर काम केले आणि आज वाशीम जिल्ह्यात बीबीएफ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. यंत्र आले, पण सरीचा उतार कोणत्या धुऱ्याकडे काढायचा, बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये म्हणून फण कुठे बांधायचा, कोणत्या दाण्याला कोणती चकती, हे वावरागणिक बदलते. ओलाव्याचेही तसेच. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली, कारण माल वाळतच नव्हता. गावपातळीवर धान्य सुकवण्याची सोय असती तर ती सवलत मागायची वेळ कमी जणांवर आली असती. तूर पिकवणाऱ्या या भागात डाळ मात्र दुकानातून येते. अकोल्याच्या विद्यापीठाने ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ तयार केली, ती अनेक बचत गटांनी चालवून दाखवली, तरीही.

आता नोकरीचा प्रश्न. अनसिंगच्या मुलाला किंवा मुलीला हे शिक्षण लांब नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे, आणि त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच्या पुढच्याच वर्षीचे. बारावीला गणित हवे, सीईटी द्यावी लागते, आणि चार वर्षांत यंत्रे, मृद व जलसंधारण, सिंचन, प्रक्रिया, अपारंपरिक ऊर्जा असे सगळे हाताखालून जाते. पुढे गेटला या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, खरगपूरची आयआयटी आहे, भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. बँकांच्या कृषी अधिकारी पदांना ही पदवी चालते. नागपुरात ट्रॅक्टरचा कारखाना आहे, जळगावात ठिबकचा उद्योग आहे. ही नोकऱ्यांची दारे खरी आहेत आणि मी पालकांना ती सांगतो. मुलींनाही पाठवा असे आवर्जून सांगतो. निंदणी, वेचणी, सोंगणी ही कामे बायाच करतात आणि त्यांच्या उंचीला, त्यांच्या मुठीला बेतलेली अवजारे आजही मोजकीच आहेत.

पण या प्रत्येक दाराची वाट गावाबाहेर जाते, ही माझी तक्रार आहे. सरकारी सेवेकडे डोळे लावून बसलेल्या मुलांनाही मी बोल लावणार नाही. कृषी सेवेच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात आपल्या विषयाला जागा मिळावी आणि स्वतंत्र कृषी अभियांत्रिकी संचालनालय व्हावे, म्हणून राज्यातले हे विद्यार्थी २०२३ च्या सुरुवातीला आंदोलनाला बसले होते. ज्यांनी पंप, पुली आणि पाणलोट शिकावे ते मांडव घालून बसले, ही वेळ त्यांच्यावर येऊ द्यायला नको होती. त्यांची मागणी जगावेगळी नाही. तमिळनाडूत कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र खाते १९८१ पासून चालते, मध्य प्रदेशात संचालनालय आहे. आपण यंत्राच्या अनुदानावर पैसा ओततो. महाडीबीटीवर अर्ज, सोडत, खरेदी, फोटो. तिथे फाइल संपते. त्या यंत्राने दाणा फोडला की वाचवला, हे बघायला तालुक्याला एक अभियंता असावा, त्याच्याकडे फेरे मोजायचे टॅकोमीटर, ओलावा मोजायचे मीटर आणि गावोगाव फिरायला गाडी असावी, एवढेच मागणे आहे. अनुदानाच्या रकमेपुढे हा खर्च फार नाही.

संचालनालय होईल तेव्हा होईल. एक गोष्ट या ऑक्टोबरातही करता येईल. अंतिम वर्षाची मुले सातव्या सत्रात असतात आणि सोयाबीनची मळणी नेमकी त्याच काळात येते. विद्यापीठाने त्यातली दोन-दोन मुले अनसिंगसारख्या बाजाराच्या गावी पंधरा दिवस पाठवावीत. राहण्या-जेवणाची सोय ग्रामपंचायतीने आणि परिसरातल्या शेतकरी कंपन्यांनी करावी. त्या मुलांनी गावात येणाऱ्या प्रत्येक थ्रेशरचा वेग मोजावा, बियाण्याचे कट्टे कमी वेगात मळून द्यावेत, आणि प्रत्येक घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर थ्रेशरनिहाय लिहावा. जिल्ह्यातल्या करडा गावच्या कृषी विज्ञान केंद्राने या कामात पुढाकार घ्यावा. बीबीएफच्या प्रसाराचा अनुभव जिल्ह्यात आहेच. आणि ज्या थ्रेशरवाल्याच्या मालाची उगवण चांगली येईल, त्याला पोत्यामागे चार पैसे जास्त द्यायला कास्तकाराने कुरकुर करू नये.