सर्व्हरवरच्या डिस्क : जोडायच्या की वाटायच्या?

सर्व्हरमध्ये चार हार्ड डिस्क दिसल्या की वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, या सगळ्यांची मिळून एकच मोठी डिस्क करता येईल का?" करता येते. पण तशी करावी का, हा खरा प्रश्न आहे.

युनिक्समध्ये विंडोजसारखे सी, डी असे ड्राइव्ह नसतात. फाइलींचं झाड एकच, आणि प्रत्येक पार्टिशन त्याच्या एखाद्या फांदीवर माउंट होतं. म्हणजे डिस्क वेगळ्या ठेवल्या तरी वापरणाऱ्याला सगळं एकत्रच दिसतं.

आता हिशोब करू. प्रत्येकी १ टीबीच्या चार डिस्क रेड-० मध्ये जोडल्या तर ४ टीबी जागा मिळते. मात्र चारांपैकी एक जरी बिघडली तरी सगळा डेटा गेला! रेड-५ मध्ये ३ टीबी मिळते आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. रेड-१० मध्ये २ टीबीच मिळते, पण प्रत्येक डिस्कला जोडीदार असतो.

आमच्या संगणक कक्षात मीच एकदा जागेच्या मोहापायी दोन डिस्क नुसत्या जोडल्या होत्या. एक बंद पडली आणि मुलांचे वर्षभराचे प्रकल्प गेले. दुसरी डिस्क चांगली होती, पण फाइल सिस्टिम दोन्हींवर पसरलेली, त्यामुळे तिचाही उपयोग झाला नाही. त्या मुलांना काय उत्तर द्यायचं, मला सुचेना.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी रेडने सुरक्षितता घ्या, मग त्यावर एलव्हीएमने वाटणी करा. रूट, व्हार आणि होम वेगळे ठेवा. व्हारमध्ये लॉग साचून जागा भरली तरी रूट आणि मुलांचं होम सुरक्षित राहतं. सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका. थोडी शिल्लक ठेवली तर एलव्हीएममध्ये हवा तो भाग नंतर वाढवता येतो.

आणि एक लक्षात ठेवा, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल पुसली तर ती जोडीच्या दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. बॅकअप वेगळ्या ठिकाणीच हवा.

करून बघा : व्हर्च्युअल मशीनला दोन आभासी डिस्क द्या, रेड-१ करा, त्यात एक फाइल ठेवा आणि एक डिस्क काढून टाका. फाइल उघडते का ते पाहा. मग हेच रेड-० करून बघा. फरक आपोआप कळेल.