आकाशातली यंत्रे, जमिनीवरची माणसे

७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली विमानतळावरील संदेशवहनाची स्वयंचलित यंत्रणा कोलमडली. उड्डाणांचे आराखडे नियंत्रकांपर्यंत आपोआप पोहोचेनात. ते हाताने भरावे लागले आणि ८०० हून अधिक विमानांना विलंब झाला. यंत्रणांच्या ढासळत्या कामगिरीकडे नियंत्रकांच्या संघटनेने काही महिने आधीच लक्ष वेधले होते. ते कोणी मनावर घेतले नाही.

यंत्राला विरोध करणे हा कामगारांचा स्वभावच आहे, असे म्हणणाऱ्यांनी १२ नोव्हेंबर १९९६ हा दिवस आठवावा. चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने आदळून ३४९ माणसे मेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. पण दिल्लीच्या नियंत्रकाला ते दिसणार कसे? त्याच्यापुढील रडारवर अंतर व दिशा कळे, उंची कळत नसे. वैमानिक सांगेल तीच खरी मानावयाची. तेव्हा अद्ययावत यंत्र आम्हांला हवेच आहे. वाद आहे तो यंत्र माणसाच्या मदतीला आणावयाचे की त्याच्या जागी, याबद्दल.

अमेरिकेने यातला दुसरा मार्ग चोखाळून पाहिला. ३ ऑगस्ट १९८१ रोजी तेथील सुमारे १३ हजार नियंत्रक वेतनवाढ व ३२ तासांचा आठवडा यांसाठी संपावर गेले. दोनच दिवसांनी रेगन यांनी ११ हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केले. याच संघटनेने आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता! (आपल्याकडील काही पुढाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.) ऑक्टोबरात संघटनेची मान्यता गेली आणि जानेवारी १९८२ मध्ये आधुनिकीकरणाची भव्य योजना जाहीर झाली. संगणक येतील, नियंत्रक कमी लागतील, असा तिचा हिशेब होता. मुख्य यंत्रणेचे कंत्राट १९८८ मध्ये आयबीएमला मिळाले. १९९४ मध्ये तिचा मोठा भाग गुंडाळावा लागला. अब्जाहून अधिक डॉलर वाया गेले. नियंत्रकांचा तुटवडा मात्र आजही तेथे आहे. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान व लष्करी हेलिकॉप्टर आदळून ६७ जण दगावले, त्या रात्री मनोऱ्यात हेलिकॉप्टरे व विमाने या दोन्हींचे काम एकच नियंत्रक पाहत होता.

आपल्याकडेही नव्या यंत्रणांसाठी निविदा निघतील, निघाव्यातच. मात्र त्यांच्या मसुद्यावर नियंत्रकांच्या संघटनेची संमती आवश्यक राहील, अशी मागणी कामगार चळवळीने आताच केली पाहिजे. आणि यंत्र बंद पडलेल्या रात्री हाताने काम निभावण्याइतकी माणसे प्रत्येक पाळीवर असतील, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.