घरचे यंत्र : माग तोच, माळ नवी

करी रोडहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मुलीसाठी २०१८ साली स्वस्तातला लॅपटॉप घेतला. लॉकडाऊनमध्ये तिची शाळा त्याच्यावरच झाली. आता तो नवे विंडोज घेत नाही. दुकानदार म्हणतो, मोडीत काढा, दुसरा घ्या. पण बोनस कॉलेजच्या फीत गेला. शिवाय माझे सासरे गिरणीत मागावर होते; त्यांनी म्हटलेले अभंग त्या लॅपटॉपमध्ये आहेत. आज ते नाहीत. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालता येते असे ऐकते. पण सगळे पुसले गेले तर?"

ताई, आधी लॅपटॉपला काय झाले ते पाहू. विंडोज १० हे २०१५ साली आले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची डागडुजी थांबवली. घरगुती ग्राहकांना एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, एवढेच. त्या दिवशी यंत्र बंद पडले नाही. परंतु दाराची कडी सैल झाली तर ती बसवून द्यायला सुतार येणार नाही, असा त्याचा अर्थ. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सुरक्षेची विशिष्ट चिप आणि यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. स्वस्त लॅपटॉप यांपैकी कुठेतरी अडतो. कळफलक, पडदा, आतले भाग मात्र धडधाकट असतात.

तुमच्या सासऱ्यांना ही गोष्ट एका वाक्यात पटली असती. फ्रान्समध्ये जाकार याने १८०४ च्या सुमारास एक माग सिद्ध केला. त्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरे आणि भोकांप्रमाणे नक्षी उमटे. नक्षी बदलायची तर माग फोडायचा नाही, माळ बदलायची. लॅपटॉप हा माग आणि ऑपरेटिंग सिस्टीम ही माळ.

विंडोज ही एक माळ. दुसरी लिनक्स. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढवली. तिला किंमत पडत नाही आणि नक्कल करून दुसऱ्याला देणे ही चोरी नव्हे. परवान्यातच तशी मुभा आहे. नवख्या माणसाला तिचा 'लिनक्स मिंट' हा प्रकार सोपा जातो. त्यातली 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी असेल तर काम सुखाने चालते.

आता कृती, पण क्रम मोडू नये.

पहिले काम अभंगांचे. ते, फोटो आणि मुलीच्या वह्या दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. नुसते उतरवून थांबू नका. दुसऱ्या यंत्रावर ती नक्कल उघडून शेवटपर्यंत ऐका. लॅपटॉप पुन्हा विकत मिळतो, तो आवाज मिळत नाही.

दुसरे, ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती फाइल उतरवून, तिथे सांगितलेल्या रीतीने पेन ड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. आतल्या साठवणीला धक्का न लावता मिंट चालू होते. वायफाय, आवाज, कॅमेरा, छपाई, मराठी टंकलेखन, सारे तपासा. पेन ड्राइव्हवरून ते संथ चालते; त्यावरून वेगाचे अनुमान करू नका.

सारे जमले तरच कायमचे बसवा. 'डिस्क पुसावी काय?' असा प्रश्न पडद्यावर येईल. तुम्ही भिता ते पुसणे नेमके इथेच घडते. नकला ऐकून झाल्या असतील, तरच 'होय' म्हणा.

लिनक्स प्रत्येक घराला मानवेल असे मात्र नाही. ज्यांचे पोट टॅलीवर आहे, त्यांनी विंडोज सोडू नये. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधले मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत, नाहीतर अक्षरांची खिचडी दिसते. वर्डची कागदपत्रे लिबरऑफिसमध्ये उघडतात, पण क्वचित मांडणी हलते. कॉलेजने एखादा ठरावीक प्रोग्राम सक्तीचा केला आहे काय, हेही मुलीला विचारा.

शिकण्याची धास्ती नको. पवईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे छोटे बोलके धडे तयार केले आहेत. लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतही आहेत. मुलगी शेजारी बसली तर दिवाळीच्या सुट्टीत दोघींचा हात बसेल.

काम झाल्यावर तो पेन ड्राइव्ह कपाटात टाकू नका. तुमच्याच मजल्यावर असा एखादा लॅपटॉप भंगारवाल्याची वाट पाहत असेल. फराळाच्या ताटाबरोबर तोही शेजारी पाठवा. फक्त निरोप विसरू नका : आधी नक्कल, मग नवी माळ.