कपाटातला नवा कॅमेरा

आपल्या महाविद्यालयात एक कॅमेरा आहे, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? मला ते ठाऊक झाले प्रथम वर्षाच्या शेवटी, आणि तेही कपाट उघडे राहिले होते म्हणून. सोनी कंपनीचा ए-६७०० हा तो कॅमेरा. नवा कोरा, पट्ट्यावरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झाले, की तो बाहेर येतो. पाहुणे गेले की पुन्हा कुलपात. इतिहास मंडळातर्फे आम्ही गावोगावचे जुने दगड, वीरगळ, गधेगाळ यांची नोंद करायला निघालो, तेव्हा मी तो मागून पाहिला. "मोडला तर भरून कोण देणार?" असा प्रश्न मला विचारण्यात आला. माझे वडील खलाशी आहेत, आई मासळी विकते. भरून कोण देणार, याचे उत्तर मला देता येण्यासारखे नव्हते. आम्ही मोबाईलवर फोटो काढले आणि त्यांतले निम्मे हलले.

आता पुढील वर्षी आणखी एक असाच नवा कॅमेरा आणि त्याला साजेशी लेन्स घ्यावी, अशी सूचना पुढे आली आहे. त्या सूचनेला माझा विरोध आहे आणि तो मी या अंकातून मांडते आहे. विरोध कॅमेऱ्याला नाही, त्याच्या कुलपाला आहे. पण कुलूप हे किमतीमुळे येते, म्हणून किमतीपासूनच बोलावे लागेल.

आधी थोडी माहिती. जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर जातो आणि आपल्या डोळ्याला दिसतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, "खटॅक" असा आवाज होतो आणि प्रकाश फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. २००८ साली पॅनासोनिक कंपनीने जी-१ हा कॅमेरा आणला, त्यात लेन्स बदलता येत होती, पण आरसाच नव्हता. सेन्सरवर पडलेले चित्र सरळ छोट्या पडद्यावर दिसू लागले. यालाच मिररलेस म्हणतात. आरसा गेला म्हणून कॅमेरा हलका आणि पातळ झाला. तोटाही झाला. लेन्स काढली की सेन्सर समोर उघडाच. आमच्या आक्षीच्या किनाऱ्यावर वारा सुटलेला असताना लेन्स बदलणे म्हणजे भाताच्या पातेल्याचे झाकण काढून वाळूत बसणे होय.

माझा मामा लग्न-हळदीचे फोटो काढतो. त्याच्याकडे सोनीचाच ए-६००० आहे. हे मॉडेल २०१४ साली निघाले. महाविद्यालयाचे मॉडेल २०२३ सालचे. दोहोंत नऊ वर्षांचे अंतर. मामा रोज नव्याचे नाव काढतो आणि मामी रोज हप्त्यांचे. मी हळदीत मामाचा दिवा धरून उभी राहते, म्हणून जुना कॅमेरा माझ्या हातातला आहे. नवा हातात आला तो स्नेहसंमेलनानंतर, एका सरांच्या कृपेने. त्यांनी स्वतःच्या नावावर रजिस्टरात सही केली आणि "चल, तुझ्या गावीच जाऊन बघू" म्हणाले. एक संध्याकाळ, रात्री नऊपर्यंत. मामाची एकच लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांना बसते, त्यामुळे लेन्सच्या गुणदोषांचा प्रश्नच नव्हता.

आपल्या अलिबागला अशा तुलनेची मोठी परंपरा आहे, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे लोहचुंबकीय मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे ते काम १९०४ साली अलिबागला आणले. पण नवे सुरू झाले म्हणून जुने लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुळवून पाहिल्या आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. त्या नोंदीही फोटोच्या कागदावरच उमटत: चुंबकाला लावलेल्या इवल्याशा आरशावरून प्रकाशाचा कवडसा कागदावर पडे आणि चुंबक हलला की रेघ हले. दोन वर्षे कुठे आणि आमचे चार तास कुठे! पण नवे घेताना जुन्याशेजारी ठेवून पाहावे, एवढा धडा आम्ही उचलला.

पहिल्याने बंदरावर गेलो. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, उन्हे कलली होती. दोन्हींनी पाच-पन्नास फोटो काढले. जुन्याचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, नव्याचा २६ चा. ऐकायला दोनाचा फरक. प्रत्यक्षात चित्राची रुंदी ६००० ठिपक्यांवरून ६१९२ वर गेली, म्हणजे शंभराला तीन. भिंतीवर लावायचा आठ बाय बारा इंचांचा फोटो उत्तम छापायला सुमारे नऊ मेगापिक्सेल पुरतात. सेकंदाला अकरा फोटो काढण्याचा वेगही दोघांचा सारखाच. मग नऊ वर्षांत झाले काय? पुष्कळ झाले आहे, ते पुढे येईलच. बंदरावर मात्र काही दिसले नाही. छापून आणलेले फोटो मी आईपुढे ठेवले. तिने बराच वेळ पाहिले, हवालाचे भाव विचारावेत तसे एकेक उचलून पाहिले, आणि "दोन्ही सारखेच गो. पण माझी टोपली कुठं दिसत नाही यात," म्हणाली.

नंतर शिलालेखाकडे गेलो. आक्षीचा शिलालेख हा मराठीतला आज माहीत असलेला सर्वांत जुना कालोल्लेख असलेला लेख, असे डॉ. शं. गो. तुळपुळे यांचे मत आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला. आम्ही शाळेत श्रवणबेळगोळचे नाव पाठ केले आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले. आपल्याच गावातला दगड मात्र कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभा होता. लहानपणी मी त्याच्याकडे पाहिले नाही असे नाही, पण ती अक्षरे आहेत हे मला कोणी सांगितले नव्हते. घरात सांगणारे कोणी नव्हते, आणि ज्यांना वाचता येत होते ते आमच्या घरी येत नव्हते.

अक्षरे झिजली आहेत. खाऱ्या हवेत दगडही टिकत नाही. समोरून फ्लॅश मारला तर नवा कॅमेरा असो की जुना, सपाट राखाडी दगडच येतो. सूर्य मावळल्यावर आम्ही तिपाई लावली, आणि मामाचा हातटॉर्च दगडाच्या अगदी बाजूला धरून प्रकाश पृष्ठभागावरून घासत सोडला. खाचांत सावल्या भरल्या आणि अक्षरे उठून आली. सर दोन मिनिटे काही बोलले नाहीत. त्यांनी हा लेख पुस्तकातल्या ठशात पाहिला होता. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून ठसा घेतात, तसा.

आता या कामात नव्या कॅमेऱ्याचे वैशिष्ट्य काय कामाला आले? त्याचा सेन्सर आत तरंगता असतो आणि हाताचा कंप सावरतो; पण तिपाई असली की तो गुण वापरावाच लागत नाही. तो माणूस, पशू, पक्षी, कीटक, गाडी, विमान ओळखतो. दगडाला त्याने काही म्हणून ओळखले नाही. फोकस दोन्हींवर हातानेच लावावा लागला. वर्गात मी दोन्हींचे फोटो मिसळून दाखवले तेव्हा कोणालाच फरक सांगता आला नाही. मी स्वतः फायलीचे नाव झाकून ओळखायला बसले, तर पाचांपैकी तीन चुकले. टॉर्च कोणत्या बाजूला धरला होता, एवढे मात्र प्रत्येक फोटोत स्पष्ट ओळखू येत होते. त्या टॉर्चची किंमत साडेतीनशे रुपये.

तिसरी परीक्षा हळदीची, आणि इथे जुन्याची पुरती फजिती झाली. शेजारच्या आळीत मांडव होता. रंगीत दिवे फिरत होते, बेंजो चालू होता, नवरदेवाला खांद्यावर घेऊन पोरे नाचत होती. जुना कॅमेरा फोकस शोधत पुढे-मागे करतो आणि तो सापडेपर्यंत चेहरा निघून जातो. नव्यावर डोळ्याभोवती एक चौकोन येतो आणि माणूस फिरला, वाकला, कोणाच्या आड जाऊन पुन्हा आला तरी तो चौकोन त्याला सोडत नाही. जुन्यात फोकस पकडणारे बिंदू १७९, नव्यात ७५९. पण आकड्यांपेक्षा हा चौकोनच खरा. प्रत्येकी चाळीस नाचाचे फोटो मी नंतर मोजले. जुन्याचे तेरा लख्ख आले होते, नव्याचे चौतीस. अंधारातले दाणेही जुन्यात जास्त. व्हिडिओची तर बरोबरीच नाही; जुना साधा एचडी, नवा फोर-के, आणि हालचाल संथ करून दाखवायची सोयही त्यात. बॅटरी दुप्पट नव्हे, पण बरीच जास्त चालते.

तेव्हा 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांत मी नाही. मामाने नवा घ्यावा, असेच मी मामीसमोर म्हणाले आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. हळद एकदाच लागते. तिथे चुकलेला फोटो पुन्हा काढता येत नाही, आणि मामाचे पोट त्या तेरा-चौतीसच्या फरकावर आहे. ज्याचे काम रात्रीचे, हलत्या माणसांचे, त्याला ती नऊ वर्षे रुपयांत परत मिळतात. दगडाचे तसे नाही. तो जागचा हलत नाही.

आणि आपल्या महाविद्यालयाचे काम कोणते? पाहुण्यांचा सत्कार हे एक काम, ते कपाटातला कॅमेरा करतोच आहे. दुसरा आला तर एकाच हाराचे फोटो दोन बाजूंनी मिळतील. दुसरे काम बाहेर पडले आहे. नागावला शके १२८९ चा लेख आहे. रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीजांचा सातखणी बुरूज उभा आहे. तो मुळात चर्चचा मनोरा, हे तिथे सेल्फी काढणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असते. चौलच्या वाड्या, कोर्लईची वेगळी बोली बोलणारी म्हातारी माणसे, साखर-आक्षीच्या होड्यांवरची रंगीत नक्षी! हे सगळे टिपायला एक कॅमेरा आणि एक किल्लीवाला पुरणार नाही. विद्यार्थी तर आपल्याकडे गावागावांतून एसटीने येतात. जो ज्या गावचा, त्याने आपल्या गावचे टिपावे, इतके सोपे काम आहे हे.

नव्या कॅमेऱ्याला लाखाच्या वर पैसे पडतात, लेन्स वेगळी. मामाने ओळखीच्या दुकानात चौकशी केली तेव्हा वापरलेला ए-६००० लेन्ससह तीस हजारांच्या आतबाहेर मिळेल, असे कळले. म्हणजे एकाच्या पैशात चार, वर तिपाया आणि टॉर्च. वापरलेली वस्तू घेणे संस्थेच्या हिशेबात बसत नाही, असे कोणी म्हणेल. ग्रंथालय जुनी पुस्तके विकत घेते, देणगीतही घेते. त्या पुस्तकांच्या किमतीची नोंद होते, मग कॅमेऱ्याची का होऊ नये? मुले मोडतील, असे कोणी म्हणेल. मोडतील. एखादा समुद्रातही पडेल. तीस हजारांची वस्तू मोडण्याची भीती चार जणांत वाटून घेता येते. दीड लाखाची वस्तू मोडण्याच्या भीतीपोटी हात मागेच राहतात. आणि ते हात कोणाचे, हेही पाहा. ज्यांच्या घरी कॅमेरा आहे, त्यांना कपाटाची गरज नाही.

शिकण्याचाही एक मुद्दा आहे, पण तो मी जोर देऊन मांडत नाही. जुन्यावर फोकसचा बिंदू आपण ठेवायचा असतो, त्यामुळे आपण काय पाहतो आहोत हे ठरवावे लागते, असे सर म्हणतात. मला अजून तेवढे कळलेले नाही. चाळीसपैकी सत्तावीस फोटो वाया गेले की राग येतो, एवढे कळते.

ग्रंथालयात पुस्तकासाठी जसे कार्ड असते, तसे कार्ड कॅमेऱ्याला असावे, आठवड्याला परत, असा अर्ज इतिहास मंडळाच्या आम्ही एकतीस जणांनी सह्या करून दिला आहे. त्यावर चर्चा व्हायची आहे. चर्चेत कोणी विचारण्याआधीच एक गोष्ट सांगून टाकते. मामाने नवा घेतला तर त्याचा जुना विकायला निघेल आणि तो आपल्या महाविद्यालयाने घेतला तर मामाला आनंदच होईल. तेव्हा या लेखात माझा स्वार्थ नाही असे मला म्हणता येणार नाही. कॅमेरा चांगला आहे. पट्टा बदलावा लागेल, आणि चार्जरची पिन ढिली आहे. तिच्याखाली कागदाची घडी ठेवली की चालतो.